उल्हास, वालधुनी, कासाडी: नदीत सर्वांत जास्त घाण कोण सोडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाणे जिल्ह्यातली काही मंडळी महिन्यातून एकदा नदीकाठी जाऊन बाटल्या भरतो. गटात बरेचसे निवृत्त आहेत, दोन कॉलेजातली मुलं आहेत आणि एक रिक्षावाले दादा आहेत, ज्यांना प्रत्येक नाल्याचं तोंड पाठ आहे. मी नोकरीची सगळी वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून आकडेमोड माझ्या गळ्यात पडली. सोसायटीच्या मीटिंगपासून लोकलच्या डब्यापर्यंत लोक तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

मी ठाण्यात राहतो. आमच्याकडे तलाव आहेत, खाडी आहे. नदी कुठे आहे?

तुमच्या नळात. ठाण्याला स्टेम, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि ठाणे महापालिकेची स्वतःची योजना अशा वाटांनी पाणी येतं. यातली स्टेम म्हणजे शहाड-टेमघर योजना आणि एमआयडीसी उल्हास नदीतून उपसा करतात, बाकीचं पाणी भातसाचं. कल्याण-डोंबिवली मोहोने बंधाऱ्याजवळ उल्हासचंच पाणी उचलते. बदलापूरकरांचं पाणी बॅरेज धरणावरून येतं, तीही उल्हासच. नवी मुंबईकर नशीबवान, त्यांचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे. पण त्यांच्या शेजारची कासाडी तळोज्यातून वाहत खाडीला मिळते आणि त्या खाडीतले मासे आपल्या सगळ्यांच्या ताटात येतात.

एका वाक्यात सांगा, सर्वांत मोठा दोषी कोण?

तुम्ही, मी आणि आपली संडास-बाथरूमं.

हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. कारखान्याचं नाव निघेल अशी अपेक्षा असते. कारखाने निर्दोष आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण नदीतला ऑक्सिजन सर्वांत जास्त कोण खातं, असा साधा प्रश्न असेल तर उत्तर शहराचं घरगुती सांडपाणी हेच आहे. हिशेब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवायचं, हा आपल्याकडचा नियोजनाचा आकडा. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे एक लाख वस्तीमागे रोज १०.८ एमएलडी, अर्थात एक कोटी आठ लाख लिटर. अशा पाण्याचा बीओडी, म्हणजे ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीचं माप (पुढे सांगतोच), लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर रोज २,७०० किलोचा बोजा. एक लाख लोक म्हणजे आपल्या भागात फार तर दोन-तीन वॉर्ड.

पण नाले तर लाल, निळे, गुलाबी दिसतात! तो रंग संडासातून येतो का?

नाही, तो कारखान्यातूनच येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली होती, आठवत असेल. रंगद्रव्याशी संबंध आल्यामुळे त्यांच्या अंगावर निळा रंग चढला होता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करावा लागला. देशभर बातमी झाली. कुत्री निळी झाली नसती तर झाली असती का, हा माझा वेगळा प्रश्न.

अडचण अशी की डोळा रंगाला फार भाव देतो. दहा लाख भाग पाण्यात रंगाचा एक-दोन भाग असला तरी नाला रंगीत दिसतो. उलट घरगुती मैलापाणी करडं, मळकट, ओळखीचं. ते नाल्यात असणारच असं आपण गृहीत धरून चालतो, म्हणून फोटो काढत नाही. रंगावरून क्रमवारी लावली की रंगवाला पहिला येतो आणि करडा सुटतो. वासाचंही तसंच. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपलाय आणि खाली गाळ सडतोय, एवढंच कळतं. तो ऑक्सिजन कुणी संपवला, हे वास सांगत नाही.

हा बीओडी म्हणजे नेमकं काय?

पाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात. खाताना ते श्वास घेतात, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. किती वापरला, त्याचं माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून तो मोजतात. बीओडी जास्त म्हणजे माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन जिवाणूंनी पळवला. आपल्या उन्हाळ्यातल्या पाण्यात मुळात साडेसात-आठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, त्यामुळे उधळायला फारसं काही हाती नसतं.

तुलनेसाठी काही आकडे. नदी आंघोळीलायक म्हणायची तर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत हवा. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या औद्योगिक पाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३० ची. कच्चं घरगुती सांडपाणी २०० ते ३०० च्या घरात असतं. सीओडी हे याचंच मोठं भावंड. जिवाणूंना न पचणारी रसायनंसुद्धा त्यात मोजली जातात.

म्हणजे ज्या नाल्याचा बीओडी जास्त, तो पहिल्या नंबरचा?

नाही. आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी इथेच घसरतात, वर्तमानपत्रंही घसरतात. बीओडी नुसतं सांगतो की पाणी किती दाट घाण आहे. ते पाणी किती येतं, हे त्यात नाही. वाटीभर मिरचीचा ठेचा आणि हंडाभर तिखट रस्सा, पोट कशाने बिघडेल?

क्रमवारी लागते ती भारावर, म्हणजे रोज किती किलो घाण नदीत पडते त्यावर. सूत्र तोंडी करता येण्याजोगं आहे: प्रवाह एमएलडीमध्ये, बीओडी मिलिग्रॅममध्ये, दोन्हींचा गुणाकार म्हणजे थेट किलो प्रतिदिन. एक एमएलडी म्हणजे दहा लाख लिटर, एक किलो म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम, त्यामुळे शून्यं आपसांत कटतात.

समजा वस्तीतून येणारा एक करडा नाला आहे. ४४ एमएलडी पाणी, बीओडी १२०. भार झाला ५,२८० किलो. शेजारी कारखान्यांकडून येणारा लालसर ओहोळ आहे, ४.४ एमएलडी, बीओडी २५०. भार १,१०० किलो. ओहोळ दुप्पट दाट, पण करड्या नाल्याचा बोजा त्याच्या जवळजवळ पाचपट. बातमीत फोटो मात्र ओहोळाचाच येणार.

प्रवाह मोजायला यंत्र लागत असेल ना?

असलं तर उत्तम. आमच्याकडे झेंडूचं फूल आहे.

नाल्याचा सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा पट्टा निवडायचा, दोन्ही टोकांना खूण करायची, वरच्या टोकाला फूल सोडायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. पाच वेळा करून सरासरी काढायची. फूल वीस सेकंदांत पोहोचलं तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ४० सेंटिमीटर असली तर सेकंदाला ०.५१ घनमीटर पाणी झालं. एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ८६.४ एमएलडी. झाले तुमचे ४४. खोली मात्र काठीने चार-पाच ठिकाणी मोजा. तळाशी गाळाची रबडी असते, काठी तिच्यात हातभर आत जाते आणि खोली दुप्पट दाखवते. नाल्यात उतरू नका. पुलावरून, दोरी-काठीनेच.

फुलाऐवजी थर्माकोलचा तुकडा टाकू नये का, असं एकाने विचारलं होतं. वारा त्याला ढकलतो. शिवाय नदी वाचवायला जाऊन नदीत थर्माकोल टाकायचा, हे बरं दिसत नाही.

एकाच नाल्यात घरचंही पाणी येतं आणि कारखान्याचंही. कुणाचं किती, कसं ओळखणार?

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली सगळीकडे हाच गोंधळ आहे. वस्ती आणि औद्योगिक क्षेत्र एकमेकांत घुसलेली आहेत. सरमिसळ पूर्ण सुटत नाही, पण खाणाखुणा मिळतात.

सर्वांत कामाची खूण म्हणजे बीओडी आणि सीओडी यांचं प्रमाण. घरगुती पाण्यात बीओडी सीओडीच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो, कारण त्यातली घाण जिवाणूंना पचते. प्रमाण ०.३ च्याही खाली गेलं की पाण्यात न पचणारं काहीतरी आहे, आणि ते बहुधा कारखान्यातलं. दुसरी खूण विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू. ते रसायनाच्या कारखान्यातून येत नाहीत, माणसातून किंवा गुराढोरांतून येतात. तिसरी पीएच. नाल्याचा पीएच पहाटे मोजला तर ३ आणि सकाळी मोजला तर ८, असा उड्या मारत असेल तर कुणीतरी आम्ल सोडतंय. घरगुती पाणी सातच्या आसपास शांत असतं. तापमानाकडेही बघा. नाल्याला हात लावायचा नाही, थर्मामीटर लावायचा.

विद्युतवाहकता हीसुद्धा चांगली खूण आहे, पण खाडीच्या टापूत ती निकामी ठरते. कल्याणच्या खालच्या अंगाला भरतीचं खारं पाणी वर चढतं आणि मीठच मोजलं जातं. त्याच मिठाने सीओडीचा आकडाही फुगतो. प्रयोगशाळेने क्लोराइडची काळजी घेतली आहे ना, हे विचारल्याशिवाय खाडीच्या पाण्याचा सीओडी कुणालाही दाखवू नका. मी दाखवला होता एकदा. समोरच्या इंजिनिअरने सभेत सगळ्यांदेखत कान उपटले, आणि ते बरोबर होते.

सर्वांत खात्रीचा मार्ग पायी चालण्याचा. नाल्याच्या तोंडापासून वर चालत जायचं आणि प्रत्येक फाट्यावर वरचा व खालचा नमुना घ्यायचा. दोन ठिकाणच्या भारातला फरक म्हणजे त्या फाट्याचा वाटा. कंटाळवाणं काम आहे. ते झाल्याशिवाय कुणाच्याही नावाने बोट दाखवू नये, असं माझं मत आहे.

नमुना कधी घ्यावा?

पहिल्या वर्षी आम्ही सगळे नमुने रविवारी सकाळी घेतले, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. निकाल पाहून आनंद झाला, औद्योगिक खुणा जवळजवळ नाहीत! मग रिक्षावाले दादा म्हणाले, "साहेब, रविवारी कारखाने बंद असतात." वर्षभराची मेहनत त्या एका वाक्यात धुतली गेली.

तेव्हापासून एका नाल्याचे नमुने कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री असे वेगवेगळे घेतो. घरगुती पाण्याला स्वतःची चाल असते: सकाळी सहा ते दहा जोर, दुपारी मंद, संध्याकाळी पुन्हा. चोरून सोडलेलं पाणी रात्री किंवा पाऊस सुरू झाला की येतं. जमलं तर दर तासाला थोडं थोडं पाणी घेऊन चोवीस तासांचा मिश्र नमुना करावा, आम्हाला ते वर्षातून दोनदाच जमतं. कल्याणपासून खाली, कळवा-विटाव्यापर्यंत कुठेही नमुना घ्यायचा तर ओहोटीला. भरतीच्या वेळी तुम्ही नाला मोजत नसता, समुद्र मोजत असता.

बाटली कोणती चालते?

स्वच्छ, आणि नमुन्याच्याच पाण्याने तीनदा खळबळलेली. घरच्या सरबताच्या बाटलीत आणलेल्या नमुन्याचा बीओडी आम्ही एकदा आश्चर्याने तीन वेळा तपासला. कोकम सरबत निघालं. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, ती खळबळायची नाही.

सर्वांत घाण तर वालधुनी आहे. मग तीच पहिली का नाही?

वालधुनीची कहाणी वाईट आहे, यात वाद नाही. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला, ज्याचा शिलालेख शके ९८२ चा आहे, ती वळसा घालून जाते. जी नदी बघून मंदिराची जागा निवडली असेल, तिच्या काठाने आज लोक नाकाला रुमाल लावून जातात. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन ओतल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी ती अनेक वर्षं निळी केली.

पण नंबर लावताना आधी विचारा: नंबर कशासाठी लावायचा?

पिण्याचं पाणी वाचवणं हा हेतू असेल, तर वालधुनी खाली जाते. ती उल्हासला कल्याणजवळ, म्हणजे पाणी उचलण्याच्या जागा ओलांडल्यावर मिळते. तिचं पाणी मोहोने-शहाडच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरींत, जात नाही. त्याउलट उल्हासनगरचा खेमाणी नाला, म्हारळचा नाला, म्हारळ-वरप-कांबा पट्ट्यातलं गावांचं सांडपाणी हे सगळं त्या टापूतच नदीत उतरतं. यातला एखादा नाला वालधुनीपेक्षा कितीतरी लहान असेल, पण तो थेट तुमच्या पेल्याकडे निघालेला आहे. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या यादीत खेमाणी वर, वालधुनी खाली.

खाडीतले मासे, तिवरं आणि ठाणे खाडीतले फ्लेमिंगो वाचवणं हा हेतू असेल, तर वालधुनी झपकन वर चढते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. तिथल्या गाळात जड धातू बसले की पावसाळ्याने ते धुऊन जात नाहीत. घरगुती मैला आज थांबवला तर नदी काही आठवड्यांत श्वास घेऊ लागते, धातूंचं तसं नाही.

आणि काठच्या माणसांचं आरोग्य हा हेतू असेल, तर पुन्हा वेगळी यादी. म्हणून आम्ही तीन याद्या करतो: ऑक्सिजन खाणाऱ्या भाराची, विषारीपणाची आणि उपसा केंद्रापासूनच्या अंतराची. काही जण तिन्हींना गुण देऊन बेरीज करतात आणि एकच क्रमांक काढतात. मला ती बेरीज आवडत नाही. जो नाला तिन्हींत मधला असतो तो बेरजेत पहिला येतो, आणि एका यादीत भयानक असलेला मागे लपतो.

गणपती विसर्जन, निर्माल्य, प्लास्टिक यांचा नंबर कितवा?

वर्षभराच्या भारात बराच खाली. विसर्जनाने काही दिवस गढूळपणा वाढतो, मूर्तींच्या रंगातले धातू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तळाशी बसतं, छोट्या तलावाला तर मोठाच फटका बसतो. ठाण्याने कृत्रिम तलावांची वाट लवकर धरली ती म्हणूनच, आणि ते चांगलं केलं. पण वाहत्या नदीत रोज, ३६५ दिवस पडणाऱ्या मैल्यासमोर हे चार दिवस लहान आहेत. गणपतीवर लेख लिहिणं सोपं असतं. कुठल्या सोसायटीची मलवाहिनी पावसाळी गटाराला जोडली आहे, हे शोधून लिहिणं अवघड.

प्लास्टिक बीओडीत दिसतच नाही. ते मोऱ्या तुंबवतं, तिवरांच्या मुळांत अडकतं. वेगळा आजार, वेगळं औषध.

जलपर्णीमुळे नदी खराब होते ना?

उलटं. नदी खराब होते म्हणून जलपर्णी येते. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. मोहोने-कांब्याच्या टापूत हिरवागार गालिचा दिसला की समजा, वरून मैला येतोय. ती कुजून तळाला गेली की ऑक्सिजन आणखी घटतो, त्यामुळे काढावी लागतेच. पण नुसती जलपर्णी काढणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं. तिला आम्ही स्रोतांच्या यादीत घेत नाही.

पावसाळ्यात नदी आपोआप स्वच्छ होते, हे खरं का?

घाण पातळ होते, कमी होत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. त्या पाण्यात कुणी बीओडी मोजला असता तर छान आला असता. जूनच्या पहिल्या सरींचा प्रकार मात्र वेगळा. आठ महिने नाल्यात साचलेला गाळ, रस्त्यावरचं तेल, कचराकुंड्यांचा निचरा हे सगळं त्या दोन-तीन दिवसांत नदीत येतं, मासे मरण्याच्या घटना तेव्हाच जास्त ऐकू येतात. म्हणून क्रमवारीचे नमुने आम्ही नोव्हेंबर ते मे या काळात घेतो आणि पहिल्या पावसाचा एक वेगळा.

उल्हासची आणखी एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. उन्हाळ्यात ती वाहते ती बरीचशी टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर आणि बारवी धरणातून सोडलेल्या पाण्यावर. वर सांगितलेला ५,२८० किलोचा नाला १,००० एमएलडी वाहणाऱ्या नदीत पडला तर नदीचा बीओडी पाचेक मिलिग्रॅमने वाढेल. नदी ५०० वर आली तर तोच नाला ही वाढ दहाच्या जवळ नेईल. नाल्याने काहीही जास्त केलेलं नसतं. उन्हाळ्यातल्या वाईट आकड्यावरून "प्रदूषण वाढलं" म्हणण्याआधी नदीत पाणी किती होतं ते विचारा.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत की! मग मैला नदीत जातोच कसा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी. प्रत्यक्षात प्रक्रिया झाली २०,२३६ वर. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक बघा. केंद्र बांधलं, फीत कापली, पण पाणी तिथपर्यंत पोहोचलंच नाही. मलवाहिन्यांचं जाळं अर्धवट असतं, चाळी आणि जुन्या इमारती नाल्यालाच जोडलेल्या असतात, पंप बंद पडला की पाणी वळसा घालून थेट नाल्यात.

नवी मुंबईचं या बाबतीत कौतुक करायला हवं. शहर आखून बांधल्यामुळे मलवाहिन्या आधीपासून होत्या. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे इथली केंद्रं नीट चालतात आणि प्रक्रिया केलेलं पाणी कारखान्यांना देण्यापर्यंत मजल गेली आहे. कल्याणपलीकडची शहरं आधी वाढली आणि गटारं नंतर आठवली.

म्हणून कुठलंही केंद्र तपासताना "क्षमता किती" हे विचारू नका. "काल किती एमएलडी आत आलं" ते विचारा.

तळोजा आणि कासाडीचं काय?

इथे आमची नेहमीची क्रमवारी उलटते. लहान नदी, काठाला मोठं रासायनिक क्षेत्र, उन्हाळ्यात स्वतःचं पाणी नावापुरतं. अशा नदीत कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी मर्यादेत असलं तरी ते पातळ करायला नदीकडे काही नसतं. त्यामुळे कासाडीसाठी मी उद्योग बिनदिक्कत पहिल्या नंबरवर ठेवतो. उल्हासचा नियम कासाडीला लावू नका, कासाडीचा भिवंडीच्या कामवारीला लावू नका. तिथे कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि वस्ती दोन्ही आहेत, हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

उल्हाससाठी तुमची क्रमवारी एकदाची सांगून टाका.

भाराने: पहिला क्रमांक बदलापूर ते कल्याण या शहरांच्या आणि मधल्या ग्रामपंचायतींच्या कच्च्या सांडपाण्याचा, बऱ्याच अंतराने. दुसरे औद्योगिक क्षेत्रांतून येणारे नाले. मग विनापरवाना धुलाई-रंगाईचे छोटे उद्योग आणि तबेले. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते आणि तबेला धुतलेलं पाणी सरळ नाल्यात जातं, त्याकडे कुणी बघत नाही. त्यानंतर खाडीकाठच्या जुन्या कचरा डेपोंतून झिरपणारं काळं पाणी. गाड्या धुणं, कपडे धुणं, विसर्जन ही शेपटी.

विषारीपणाने: उद्योग आणि टँकर पहिले, बाकी सगळे मागे. टँकर हा स्रोत नकाशावर नसतो, त्याला तोंड नसतं, तो रात्री अर्ध्या तासात येऊन जातो. वर्षाच्या भारात तो दिसणारही नाही. पण माणसं दवाखान्यात जातात ती त्याच्यामुळे. टँकरला भाराच्या यादीत क्रमांक द्यायचाच नाही, तो थेट पोलिसांचा विषय समजायचा, असं आमच्या गटात ठरलं आहे.

हे सगळं सरकारला माहीत नाही का?

आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नियमित नमुने घेतं आणि आकडे आपल्या संकेतस्थळावर टाकतं. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. उल्हासचा बदलापूर-मोहोने पट्टा त्यात आहे. या यादीचे पाच प्राधान्यगट निव्वळ बीओडीवर ठरतात: ३० च्या वर पहिला, ३ ते ६ असेल तर पाचवा. म्हणजे नदी किती आजारी आहे हे यादी सांगते, आजार कुणी दिला हे नाही. ते शोधायला नाले मोजावे लागतात. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या पालिका आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांवर सुमारे ९५ कोटींची भरपाई लावली, त्यात पालिका आणि उद्योग दोघेही होते, हे लक्षात ठेवा.

आमच्या नमुन्याच्या आधारे कारखान्यावर खटला चालेल का?

नाही. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते ठरवून दिलं आहे: मंडळाचा अधिकारी, मालकाला सूचना, नमुन्याचे भाग, मोहोर. तुमची बाटली कोर्टात चालत नाही. पण ती अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी उभं करू शकते. तक्रारीत "नदी घाण झाली आहे" असं लिहू नका. नाल्याचं ठिकाण, तारीख, वेळ, पीएच, रंग, अंदाजे प्रवाह आणि फोटो द्या. मंडळाची प्रादेशिक कार्यालयं ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईत आहेत. आठवड्याने माहितीच्या अधिकारात त्या तक्रारीवर नमुना घेतला का आणि निकाल काय आला, एवढंच विचारा. दोन ओळींच्या अर्जाला उत्तर येतं, चार पानांच्या निवेदनाला पोच येते.

एकदा लावलेली क्रमवारी किती काळ टिकते?

आम्ही दर दोन वर्षांनी नव्याने लावतो. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांवर बडगा आला तेव्हा वालधुनी जरा निवळली, आणि तेच काम आजूबाजूच्या गावांत सुरू झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. यादीतला एक नाला खाली आला, तर जो नाला आम्ही कधी मोजलाच नव्हता तो वर आला. इमारती वाढतात, एखादी मलवाहिनी खरोखर जोडली जाते, एखादा डेपो बंद होतो. जुना तक्ता घेऊन सभेत गेलात तर समोरचा तुमचा एक आकडा खोटा पाडतो आणि बाकीचे नऊ त्याच्याबरोबर पडतात.

तुमच्याबरोबर यायचं असेल तर?

गमबूट, रबरी हातमोजे, जुने कपडे, साबण. अंगावर उघडी जखम असेल तर त्या महिन्यात येऊ नका. पावसाळ्यात नदीकाठी कुणालाही नेत नाही. झेंडूची फुलं आम्ही आणतो. सरबत आणायचं असेल तर खुणेची बाटली वापरा.